मामांचं मत

पडद्यावरच्या त्या हृदयाचा उजवा कप्पा आठ मिलिमीटर भरला होता आणि डावा जेमतेम तीन. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की जन्मल्यावर बाळाची तीन ऑपरेशनं करावी लागतील, तरीही ते जगेलच असं नाही. गर्भपात करायचा असेल तर तीन आठवड्यांत कळवा.

ते तीन आठवडे घरच्यांनी सल्लामसलतीत घालवले. नवऱ्याने फाइल बगलेत मारून झाडून सगळे नातेवाईक पालथे घातले. थोरल्या दिरांनी तर सोनोग्राफीचं चित्र उलटं धरून पाव तास मार्गदर्शन केलं. जिच्या पोटात ते हृदय होतं, तिला विचारायचं तेवढं राहून गेलं.

आज मुदतीचा शेवटचा दिवस होता, आणि दवाखान्याच्या बाकावरही दरबार भरलाच.

"आमच्या वेळी कुठे होते हे कप्पेबिप्पे?" सासूबाई म्हणाल्या.

"डॉक्टरच काय ते ठरवतील, आई," नवरा म्हणाला.

"म्हणजे खापर फोडायला एक डोकं मिळालं," ती म्हणाली.

"तसं नाही गं. दोन दिवस मागून घेऊ. मामांचं मत यायचंय."

मामा फरशा विकायचे.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई दारात आल्या. "मग, काय ठरलं?"

नवऱ्याने आईकडे पाहिलं, आईने छताकडे. ती उठून उभी राहिली.

"ती तीन ऑपरेशनं यांच्यापैकी कुणालाच सोसायची नाहीत, बाळालाच सोसायची आहेत. मी ती त्याच्यावर लादणार नाही. मला गर्भपात करायचा आहे."