पहिला आलेला रेणू

धाकटीने तोच रेणू पुन्हा संगणकाला दिला, आणि या वेळी मुद्दाम भलतंच प्रथिन त्याच्यापुढे ठेवलं; ताईच्या गाठीशी ज्याचा काडीचाही संबंध नाही असं. उत्तर येईपर्यंत तिला बसवेना. ती खिडकीपाशी गेली, परत आली, गार झालेला चहा उचलून तसाच खाली ठेवला.

रेणू तिथेही घट्ट बसला.

म्हणजे संपलंच. आफ्रिकेतल्या औषधी झाडांमधले हजारो रेणू संगणकावर चाळून, गाठीच्या प्रथिनाला सगळ्यांत घट्ट बसतो म्हणून पहिला काढलेला हा पठ्ठ्या दिसेल त्याला चिकटत होता. असल्याचं औषध होत नाही. कामात असं होतंच, त्याचं तिला एवढं वाटलं नसतं. पण तो पहिला आला त्या दिवशी तिच्या पोटात बातमी राहिली नव्हती. तडक ताईकडे जाऊन ती सगळं सांगून बसली होती.

ताईच्या घराचा जिना चढताना तिने वाक्यं जुळवली आणि दार उघडताच विसरली.

"तोंड का गं उतरलंय?" ताईने विचारलं. ती पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती.

"ताई, त्या झाडाचं काही खरं नाही. खात्री व्हायच्या आधीच बोलले मी."

ताईने घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"ऑपरेशनची तारीख मिळाली?" धाकटीने विचारलं.

"मिळाली होती. मीच नको म्हटलं. बहीण औषध शोधतेय, तोवर थांबते, असं सांगितलं डॉक्टरांना."

धाकटी पलंगाच्या कडेला बसली. तिला स्वतःचाच भयंकर राग आला आणि तो निघाला मात्र ताईवर.

"अगं, औषध सापडलं असतं तरी हातात यायला वर्षं गेली असती! बोलले होते ना मी?"

"बोलली होतीस."

"मग?"

ताई बराच वेळ उशीचा अभ्रा सरळ करत राहिली.

"भुलीची भीती वाटते गं मला. डोळे मिटले आणि उघडलेच नाहीत तर? या वयात हे कुणाला सांगू? तुझं नाव घेतलं की पुढे कुणी विचारत नव्हतं."

धाकटीने ढिगातला एक टॉवेल ओढला. घडी काही जमेना.

"मी बाहेरच बसेन," ती म्हणाली. "आत सोडलं की येऊन उठवेन."

"लहानपणी पांघरूण ओढायचीस तशी?"

"तशीच."

ताईने फोन तिच्याकडे सरकवला.

"तू नुसता डॉक्टरांचा नंबर लाव. बोलेन मी."