साडूच्या नावाचा नंबर

मित्रांनो, मी एक जुनं सिमकार्ड आहे. आकारानं अंगठ्याच्या नखाएवढा, एक कोपरा छाटलेला, पोटावर सोनेरी पत्रा. रस्त्यात सापडलो तर तुम्ही मला उचलणारही नाही, आणि त्यात तुमची काही चूक नाही. पण एके काळी अर्ध्या गावाची दारं माझ्यामुळे उघडत होती. ही आत्मस्तुती नव्हे. दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्याची आठवण विशेष नाही. आम्ही हजारो भावंडं एकाच दिवशी जन्मलो, सगळी हुबेहूब, त्यामुळे लाड असे कोणाचेच झाले नाहीत. मग आम्हाला एकेका पाकिटात घातलं. पाकिटावर एक हसरं कुटुंब छापलेलं होतं आणि खाली कंपनीचं वचन होतं, 'सदैव तुमच्या सोबत'. हे वचन तुम्ही लक्षात ठेवलं नाहीत तरी चालेल. कंपनीनंही ठेवलं नाही.

मला दोन साडूंनी घेतलं. थोरल्या बहिणीचा नवरा सुतार, धाकटीचा नवरा कुलुपं दुरुस्त करणारा आणि किल्ल्या बनवणारा. त्याला सगळे किल्लीकाका म्हणत. दोघांचं एकच दुकान होतं. एकानं दार करायचं, दुसऱ्यानं त्याला कुलूप बसवायचं. याहून सरळ भागीदारी मी पाहिलेली नाही. दुकानाला फोन हवा असं ठरलं, त्या दिवशी किल्लीकाका शाळेचं अडकलेलं फाटक उघडायला गेले होते. मुलं आत कोंडली गेली होती. मुलांना घाई नव्हती, मास्तरांना होती. तेव्हा सुतार एकटेच गेले, आपलं ओळखपत्र दाखवून, आपला अंगठा लावून मला घेऊन आले. कागदोपत्री मी सुतारांचा झालो. त्या वेळी कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. नाव एकाचं असलं तरी आवाज दोघांचा जाणार होता.

किल्लीकाकांची एक पद्धत होती. ते प्रत्येक नव्या किल्लीच्या डोक्यावर माझा नंबर बारीक आकड्यांत कोरत. विचार असा, की किल्ली हरवली तर माणूस नंबर बघून लगेच फोन करेल. हरवलेल्या किल्लीवरचा नंबर बघायचा कसा, हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नव्हता. धाकटीनं तो विचारला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "अगं, शेजाऱ्याची किल्ली बघायची."

आणि मित्रांनो, खरोखर तसंच घडलं. माणसं दाराबाहेर अडकली की शेजारी जात, शेजाऱ्याची किल्ली उजेडात धरत आणि मला फोन लावत. तीन-तीन वर्षं समोरासमोर राहून एकमेकांची आडनावं माहीत नसलेली माणसं केवळ या चुकीमुळे बोलायला लागली. सुतारांनीही मागे राहायचं नाही म्हणून आपल्या प्रत्येक दाराच्या वरच्या कडेला पेन्सिलनं माझा नंबर लिहायला सुरुवात केली. तो वाचायला स्टूल लागे. दोघंही हुशार होते, पण हुशारी जिथे लागते तिथे ती नेमकी जवळ नसे.

पुढे दुकानाला नवी पाटी करायची वेळ आली. सुतारांचं म्हणणं, 'दारे व कुलुपे' असं लिहायचं. किल्लीकाकांचं म्हणणं, 'कुलुपे व दारे'.

"दारच नसेल तर कुलूप काय हवेला लावणार तू?" सुतार म्हणाले.

"आणि कुलूप नसेल तर तुझं दार म्हणजे पडदा," किल्लीकाका म्हणाले.

रंगारी ब्रश हातात धरून दुपारपर्यंत बसला आणि पाटी कोरी ठेवून निघून गेला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. सुतारांनी दोन गल्ल्या पलीकडे वेगळं दुकान थाटलं. मी किल्लीकाकांकडे राहिलो, कारण भांडण झालं तेव्हा फोन त्यांच्या खिशात होता. मालकी बहुतेक वेळा अशीच ठरते.

आता तुम्ही म्हणाल, सुतारांचं काय झालं? लोक तर दारासाठीही मलाच फोन करत. खरं आहे. किल्लीकाका फोन घेत, "दाराचं काम आम्ही करत नाही," असं तोडून सांगत, पण पत्ता मात्र विचारून ठेवत. मग दुपारी धाकटी माझ्यावरून थोरलीला फोन लावी, तेव्हा ते जवळच कुलूप पुसत बसत आणि कुलपालाच सांगितल्यासारखे म्हणत, "तळ्याजवळच्या त्या घरात न्हाणीचं दार फुगलंय म्हणे."

"ताई," धाकटी फोनवर म्हणे, "तळ्याजवळच्या घरात न्हाणीचं दार फुगलंय म्हणे. आपलं सहज सांगितलं."

"हो का?" थोरली म्हणे. "मीही यांना सहज सांगते."

उलट दिशेनंही असंच चाले. सुतारांनी कुठे नवं दार बसवलं की थोरलीला सहज आठवे, की त्याला अजून कुलूप नाही. दोघंही साडू एकमेकांच्या कामावर पोट भरत होते आणि दोघांपैकी एकालाही ते माहीत नव्हतं, निदान चेहऱ्यावरून तरी. सगळं माहीत असलेला मी एकटाच. पण आमच्या जातीला फक्त दुसऱ्याचं बोलणं पोचवता येतं.

अशी बरीच वर्षं गेली. फोन तीन बदलले, मी तोच राहिलो. मला वाटायला लागलं होतं, की नंबर म्हणजेच मी.

मग एके दिवशी कंपनीचा संदेश आला. 'सदैव तुमच्या सोबत असलेली आमची सेवा या महिनाअखेरीस बंद होत आहे. आपला नंबर दुसऱ्या कंपनीकडे न्यावा.' किल्लीकाका कंपनीचे संदेश वाचत नसत. त्यांच्या मते ते सगळे गाणी विकणारे असतात. दुसरा संदेश आला, तिसरा आला. कंपनीनं इतक्या कळकळीनं त्यांना कधीच काही सांगितलं नव्हतं. पण ऐकायची सवय मोडली होती.

कळलं ते असं. रेंज आधी स्वयंपाकघरातून गेली, मग दुकानातून. शेवटी खिडकीत उभं राहून धाकटी थोरलीशी बोलत असताना मधेच फोन तुटला. तिनं सगळे संदेश उघडून वाचले आणि कपाळाला हात लावला.

"अहो, नंबर बंद होतोय!"

"होऊ दे. नवीन घेऊ."

"आणि गावभर किल्ल्यांवर कोरून ठेवलाय तो?"

किल्लीकाकांच्या हातातली कानस थांबली. त्यांनी भिंतीवर टांगलेल्या किल्ल्यांकडे पाहिलं. मला वाटतं, त्या वेळी त्यांना अख्खं गाव दाराबाहेर उभं असलेलं दिसलं असावं.

ते तडक नव्या कंपनीच्या दुकानात गेले. काउंटरवर एक मुलगी होती. तिनं मशीनवर नंबर टाकला आणि विचारलं, "मालक कोण, काका?"

"मीच."

"नाव तर दुसऱ्यांचं दिसतंय."

"ते नुसतं नाव आहे."

"आम्हाला नुसतं नावच लागतं," मुलगी म्हणाली. "त्यांना घेऊन या. अंगठा त्यांचाच हवा."

घरी आल्यावर किल्लीकाकांनी जाहीर केलं, की स्वतःचा नंबर ते कोणाकडे मागायला जाणार नाहीत. धाकटी बहिणीकडे जाऊन आली. तिकडून निरोप आला, की सुतार अंगठा द्यायला तयार आहेत, पण मागणाऱ्यानं स्वतः येऊन मागावा.

"मागू? मी?" किल्लीकाका म्हणाले. "आजवर कुठलंही दार मी विचारून उघडलेलं नाही."

"हो, पण तो अंगठा आहे, कुलूप नाही," धाकटी म्हणाली.

महिना संपत आला. रेंज आणखी आकसली. कोणी किल्ली हरवून दाराबाहेर बसलं तरी मला ऐकू येईना. दुकानात शांतता पसरली, आणि दोन गल्ल्या पलीकडेही तशीच पसरली. शेवटच्या दिवशी धाकटीनं शेजारणीच्या फोनवरून थोरलीला एवढंच सांगितलं, "ताई, उद्यापासून मला सहज काही कळणार नाही, आणि तुलाही नाही."

त्याच दुपारी किल्लीकाका पुन्हा नव्या कंपनीच्या दुकानात गेले. मुलीकडे काही उपाय निघतो का ते बघावं, म्हणून. तर तिथे सुतार उभे.

"मी चार्जर घ्यायला आलोय," सुतार मुलीला म्हणाले, जरी तिनं काही विचारलं नव्हतं.

"यांचंच नाव आहे ना?" मुलीनं किल्लीकाकांना विचारलं.

"असेल," किल्लीकाका भिंतीवरच्या जाहिरातीला म्हणाले. "त्यांना सांगा, थांबायचं तर थांबा म्हणावं."

"चार्जर मिळेपर्यंत मी थांबणारच आहे," सुतार पंख्याला म्हणाले.

मुलीनं दोघांकडे पाहिलं. तिच्या घरीही काका-मामा असावेत. तिनं समजावून सांगितलं, की जुन्या नंबरवरून एक संदेश पाठवायचा. उत्तरात आकड्यांचा कोड येईल. तो मशीनवर टाकायचा आणि लगेच मालकाचा अंगठा. "पण आज शेवटचा दिवस, कोड थोडाच वेळ चालतो. आणि तुमच्या जुन्या कंपनीची रेंज आता फक्त आमच्या गच्चीवर येते. संध्याकाळी तीही जाईल."

सुतारांना खाली थांबणं भाग होतं, अंगठा त्यांचा होता. किल्लीकाका जिना चढू लागले. त्यांचे गुडघे त्यांच्या कुलपांपेक्षा जास्त गंजलेले होते. तीन मजले चढून ते गच्चीवर पोचले. संदेश गेला, कोड आला. वरून ओरडून सांगितला असता तर काम तिथेच झालं असतं. पण खाली रस्त्यावर, दुकानाच्या दारात, सुतार मान वर करून उभे होते, आणि ओरडायचं म्हणजे त्यांच्याशीच बोलायचं. किल्लीकाकांनी फोन खिशात घातला आणि एकेक पायरी मोजून टाकत खाली उतरले.

"कोड शिळा झाला, काका," मुलगी म्हणाली. "पुन्हा मागवा."

किल्लीकाका पुन्हा वर गेले. या वेळी प्रत्येक मजल्यावर थांबत. गच्चीवर माझीही अवस्था काही चांगली नव्हती. कंपनीचा मनोरा मला कुठेतरी लांबून पुसट हाक मारत होता. संदेश गेला. उत्तर येईना. किल्लीकाका कठड्याला टेकून उभे राहिले आणि जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे असे बघत राहिले, की जणू मी आजारी आहे. आणि उत्तर आलं.

त्यांनी खाली पाहिलं. मुलगी मशीनपासून हलू शकत नव्हती. रस्त्यावरची रहदारी वाहत होती. दारात फक्त सुतार.

"कोड आलाय!" किल्लीकाका रस्त्याला उद्देशून ओरडले.

"मग सांग की!" सुतार ओरडले.

कितीतरी वर्षांत दोघांचं झालेलं हे पहिलं बोलणं. किल्लीकाकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"नऊ!"

"नऊ!" सुतारांनी आत मुलीला सांगितलं आणि पुन्हा मान वर केली.

"चार!"

"पुन्हा सांग!"

"चार! चार!"

मित्रांनो, मी वर होतो, सुतार खाली होते, पण माझ्या मते त्यांना पहिल्या वेळीच स्वच्छ ऐकू आलं होतं. पुढच्या आकड्यालाही त्यांनी "पुन्हा सांग!" म्हटलं, आणि त्याच्या पुढच्यालाही. आणि गंमत अशी, की एरवी एका शब्दावर चिडणारे किल्लीकाका प्रत्येक आकडा दोन-दोनदा सांगत होते, आवाज न चढवता. म्हणजे चढलेला होताच, पण रागानं नव्हे. जाणारे-येणारे थांबून बघायला लागले. एका गृहस्थांनी तर आकडे लिहूनही घेतले. कशासाठी, ते त्यांनाच ठाऊक.

शेवटचा आकडा सांगून झाल्यावर सुतार आत पळाले. मग बराच वेळ कोणी बाहेर आलं नाही. किल्लीकाका कठड्यावर इतके वाकले होते, की मी हातातून पडतो की काय असं मला वाटलं.

सुतार बाहेर आले. त्यांनी अंगठा वर करून दाखवला. त्याला शाई नव्हती, तरी दाखवला.

"झालं!" ते ओरडले. "उतर आता. आणि कठडा धरून उतर रे, वरून तिसरी पायरी तुटकी आहे!" गच्चीचं दार त्यांनीच बसवलेलं होतं.

चार्जर त्यांनी घेतला नाहीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा श्वास थांबला, आणि नव्या कंपनीच्या एका कोवळ्या सिमकार्डात माझा नंबर जसाच्या तसा वाजायला लागला. किल्लीकाकांनी मला पिनेनं काढून टेबलावर ठेवलं. तेव्हा मला कळलं, की नंबर म्हणजे मी नव्हतो. मी फक्त त्याला इतकी वर्षं राहायला जागा दिली होती. वाईट वाटलं का? थोडंसं. पण टेबलावर पडल्यापडल्या एक फोन ऐकू आला. कोणाच्या तरी घरी दारही बदलायचं होतं आणि कुलूपही. "येतो," किल्लीकाका म्हणाले, आणि क्षणभरानं, "येतो आम्ही."

त्या कामाला जाताना त्यांनी किरकोळ सामानात मलाही पिशवीत टाकलं. सुतारांनी दार बसवलं, किल्लीकाकांनी कुलूप. पण चौकट आणि कुलपाची पट्टी यांच्यात नखाएवढी फट राहिली.

"तुझी चौकट तिरकी आहे," किल्लीकाका म्हणाले.

"तुझी पट्टी वाकडी आहे," सुतार म्हणाले.

पाचेक मिनिटं दोघं मनसोक्त भांडले. मग सुतारांनी पिशवीत हात घातला, मी हाताला लागलो. त्यांनी मला फटीत सरकवलं, किल्लीकाकांनी वरून स्क्रू आवळला. दार चपखल बसलं.

तेव्हापासून मी इथे आहे. अंधार आहे, पण जागा बरी आहे. एका बाजूला सुतारांचं लाकूड, दुसऱ्या बाजूला किल्लीकाकांचं लोखंड. मित्रांनो, तुमच्या घरातला नंबर कोणाच्या नावावर आहे ते एकदा बघून ठेवा, आणि ज्याचं नाव निघेल त्याच्याशी बोलणं चालू ठेवा. कंपन्यांचं काही सांगता येत नाही. आणि माझी स्वतःची म्हणाल, तर एवढीच विनंती आहे. दार आपटू नका. मी आत आहे.