डावीकडे ओढणारी सात नंबर

मी एक जुनी स्पीडबोट आहे. पण मित्रांनो, जुनी म्हटल्यावर लगेच हळहळू नका! माझं इंजिन अजूनही असं गरजतं, की धक्क्यावरचे पक्षी भुर्रकन उडतात. माझ्यावर दोघांपुरती जागा आहे, अंगावर मोठा सात आकडा आहे, आणि माझं काम म्हणजे बंदराची सफर. आमच्याकडे पाहुणे नुसते बसत नाहीत, स्वतः चालवतात. पुढे पिवळ्या बोटीत गाईडताई आणि मागे आम्ही आठ जणी, एका रांगेत. ताईने हात गोल फिरवला की पळायचं, तळवा खाली केला की हळू व्हायचं, मूठ दाखवली की थांबायचं.

नवी होते तेव्हा माझ्यासाठी पाहुण्यांत भांडणं होत. "सात नंबर मला!" असं ऐकलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. मग एकदा उथळ पाण्यात माझं इंजिन खालून खडकाला घासलं, आणि मला खोड लागली. मी डावीकडे ओढू लागले. पाहुणे वैतागत. निम्म्यांचं तर नाचता येईना अंगण वाकडं, पण बोल मलाच! अशी तीन वर्षं गेली. शेवटी मिस्त्रीकाका म्हणाले, "आजची सफर झाली की हिचं इंजिन काढतो. बाकीची भंगारात."

मित्रांनो, मी ते ऐकलं. मला फार रडू आलं.

त्या शेवटच्या सफरीला माझ्या वाट्याला आल्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई. तीस वर्षं शिलाई मशीन चालवलेलं, पण साधी सायकलही कधी चालवलेली नाही. शेजारी त्यांची नणंद, जीव मुठीत धरून.

"वहिनी, अजून विचार करा. या वयात हे काय खूळ!"

"वन्सं, घट्ट धरा," बाई म्हणाल्या, आणि असा काही वेग दिला, की नणंदेचं "अगं बाई" मागे धक्क्यावरच राहिलं.

काय सांगू ती मजा! क्रेनच्या सावल्यांखालून, मालवाहू जहाजाच्या गंजक्या पोटाला वळसा घालून आम्ही सुसाट निघालो. मी सवयीने डावीकडे ओढलं. बाई चिडल्या नाहीत. त्यांनी उजवा हात जरासा जड केला, बस्स. "माझं जुनं मशीनही असंच कापड ओढायचं," त्या म्हणाल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा मी रांगेत सरळ पळत होते!

आणि तिथेच घोटाळा झाला. चालवणाऱ्याच्या मनगटाला एक लाल दोरी बांधलेली असते, तिचं दुसरं टोक क्लिपने माझ्यात अडकवलेलं असतं. माणूस पाण्यात पडला तर क्लिप निघते आणि इंजिन बंद होतं. ती दोरी बाईंच्या डोळ्यांसमोर लोंबत होती. लोंबता दोरा बघून शिवणाऱ्याचा हात गप्प कसा बसेल? त्यांनी दोरी बोटाला गुंडाळली आणि सफाईने हिसडा दिला.

खट्! मी बंद. आणि समोरून प्रवासी बोट भोंगा वाजवत आमच्यावरच येत होती.

"वहिनी! काय तोडलंत?"

"अहो, दोरा लोंबत होता..."

माझ्यावरच्या रेडिओवर गाईडताईचा आवाज आला, "सात नंबर, लाल क्लिप परत बसवा, मग बटण दाबा!" सुईत दोरा ओवणारे हात ते! क्लिप पहिल्याच खेपेला बसली. बटण दाबलं, आणि मीच खोकले. भंगारात जाणं परवडलं, पण या दोघींना काही होता कामा नये! दुसऱ्या खेपेला मी सगळा जीव एकवटला आणि गरजले. आम्ही निसटलो. प्रवासी बोट मागून गेली, तिच्या लाटा आल्या, पण बाईंनी वेग कमी केला. "जाड शिवणीवर सावकाश जायचं असतं," त्या म्हणाल्या. आणि घाबरट नणंद? "वहिनी, पुन्हा एकदा!" म्हणून टाळ्या पिटत होती.

धक्क्यावर मिस्त्रीकाका पाना घेऊन उभेच होते. "ही ओढते हो बाई, आज मोडीत."

"ओढते म्हणून मोडीत? माझ्या मशीनचा एक स्क्रू फिरला होता. तुम्ही खाली वाकून बघितलंत का?"

काका ओशाळले. इंजिन वर उचलून वाकून पाहिलं. पाण्यात फिरणाऱ्या पंख्याच्या वर दिशा सांभाळणारं एक छोटं पातं असतं, ते खडकाला घासून तिरकं झालं होतं. एक बोल्ट सैल केला, पातं सरळ केलं, बोल्ट आवळला. झालं!

पुढच्या आठवड्यात दोघी परत आल्या. मी बाणासारखी सरळ धावले. "अगं, माझ्या हाताला कामच ठेवलं नाहीस की!" बाई मला म्हणाल्या. मित्रांनो, माझं एवढं कौतुक मी नवी असतानाही झालं नव्हतं.

तेव्हा एवढंच मागते. तुमच्या घरातलं काही एका बाजूला ओढायला लागलं, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा वाकून बघा. चला, ताईचा हात गोल फिरतोय. घट्ट धरा, आणि ती लाल दोरी लोंबतेय ना, लोंबू द्या!