मयताच्या खुर्च्या आणि शोककाव्याचा निबंध

१२ ऑक्टोबर १९११, गुरुवार. सकाळी धुकं, दुपारी लख्ख ऊन, वारा नाही.

मी एक घडीची खुर्ची. अमेरिकेत, आयोवातल्या आमच्या गावात मयताची व्यवस्था ओटिस ग्रब पाहतात, त्यांची. मयत नसेल तेव्हा स्त्रियांचं वाङ्मय मंडळ आम्हाला उसनं नेतं. रडणारी बाई माझ्यावर पुढं वाकते. निबंध ऐकणारी हळूहळू खाली घसरते.

आज बैठक आयडा प्रुइटकडे होती. बाई उमेदवार सभासद. तीन वर्षं वाट पाहून आज निबंध वाचायची पाळी आली होती. नंतर पेटीत घेवड्याचे दाणे टाकून मतदान; पांढरा दाणा होकाराचा, एक काळा पडला की नाव कटाप. शिवाय मंडळाचा कडक नियम: यजमानीणबाईनं कॉफी आणि एकच पदार्थ वाढायचा. पूर्वी बायकांची चढाओढ सात मजली केकपर्यंत गेली होती.

ग्रबांच्या काळ्या गाडीनं आम्हाला दारात उतरवलं. बायकांच्या बैठकीत लुडबूड नको म्हणून नवरा एल्मर सकाळपासूनच कोठारात हाकललेला. तो कुठं दिसेना, तेव्हा आळीनं काय ते ओळखलं आणि मयताघरी न्यायचं जेवण रांधायला घेतलं.

शोककाव्यावरचा निबंध आयडानं गहिवरून वाचला. कॉफी आणि केक फिरत होता, तोच शेजारीण हुल्डा व्हॉस डुकराच्या मांडीचं अख्खं हॅम घेऊन आत घुसली. मागोमाग आळीतल्या बाकीच्या बायका: कोंबडी, बटाट्याचं सॅलड, ॲपल पाय.

"रड गं पोरी, मोकळी हो!"

"कशासाठी, हुल्डाकाकू?"

"बघा, धक्का बसलाय बिचारीला!"

सभासद बायांनी तोवर बशा भरल्या होत्या. माझ्यावर अध्यक्षा लाव्हिनिया स्ट्राउड बसल्या होत्या. दुसऱ्यांदा घेतलेलं हॅम संपवून, तोंड पुसून म्हणाल्या, "प्रुइटबाई, नियम एका पदार्थाचा आहे. इथं जत्रा भरलीय."

आयडाचा चेहरा पांढराफटक पडला. इतक्यात भुकेला एल्मर दारात उभा.

हुल्डा किंचाळली, "अरे, तू मेलास ना!"

"कधी? मला कुणी सांगितलं नाही." त्यानं टेबलाकडे पाहिलं. "म्हणजे हे सगळं माझ्या नावाचं?"

आयडाला वाचा फुटली. "अध्यक्षबाई, मी वाढला तो केक. बाकीचं ह्यांच्या मयताचं. ते तुम्हीच हातानं घेतलंत, तेही दोनदा."

स्ट्राउडबाई माझ्यावर इकडून तिकडं सरकल्या. मी करकरले. बायांनी माना खाली घातल्या.

"दाणे फिरवा," त्या म्हणाल्या.

आता आम्ही परत गाडीत रचलेल्या आहोत. वाचकहो, खुर्च्या दिसल्या म्हणून हॅम शिजवू नका; आधी माणूस कोठारात बघा.

पेटीतून एकोणीस दाणे निघाले. सगळे पांढरे.