मंगळवारची हिरवी टिकली

"पोराच्या हातातनं काडून घेतला बाय. बग, आता घेल ती," भागी म्हणाली आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

गुरुवारची जेवणाची सुट्टी होती. पॅकिंगच्या बायका कंपाउंडमधल्या पत्र्याखाली डबे उघडून बसल्या होत्या. मोबाइल आत न्यायला बंदी, म्हणून सगळं जग आम्ही या अर्ध्या तासात बघतो.

व्हिडिओ विमानातला होता. दोन्हीकडे माणसं, मधल्या अरुंद वाटेत एक एअर होस्टेस. कुणीतरी ओरडत होतं, "ये क्या तरीका है? खाना देके वापस लेते हैं क्या?" ती म्हणत होती, "सर, प्लीज, मत खाइए. वापस दीजिए." तिचा आवाज चढलेला होता. मग ती वाकली. आईच्या मांडीवर दोनेक वर्षांचं पोर होतं, त्याच्या मुठीत रोल होता. तिने मूठ धरली आणि रोल ओढला. पोराने भोकाड पसरलं. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं. बदतमीज हा त्यातला बरा शब्द.

मला तिचा रागच आला. माझी छोटी चौदा महिन्यांची आहे. तिच्या मुठीतून कुणी असं ओढलं असतं तर मी विमान डोक्यावर घेतलं असतं.

भागीने व्हिडिओ परत पहिल्यापासून लावला. या वेळी मला रोलच्या कागदावरची टिकली दिसली. हिरवी.

बोईसरच्या एमआयडीसीतल्या या युनिटमध्ये आम्ही विमानात वाटायचे पनीर रोल आणि सँडविच बनवतो. कालचा माल आज चुकून जाऊ नये म्हणून प्रत्येक वाराला वेगळ्या रंगाचा गोल स्टिकर. कागदोपत्री त्याला इंग्रजी नाव आहे, पण पॅकिंगमध्ये सगळ्या टिकलीच म्हणतात. सोमवारी लाल, मंगळवारी हिरवी, बुधवारी पिवळी. बायका तारीख विसरतील, टिकली विसरणार नाहीत.

"मंगळवारचा माल," मी म्हणाले.

भागीने माझ्याकडे पाहिलं. मोबाइल पदराच्या गाठीत बांधला आणि डबा धुवायला उठली. तिला जे बोलायचं होतं ते ती मंगळवारीच बोलली होती.

मी बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, पालघरच्या कॉलेजातून. माझं काम एवढंच: दर दोन तासांनी थंड खोलीत जायचं, एका रोलमध्ये थर्मामीटरची सुई खुपसायची, आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा, सही करायची. आकडा पाचच्या आत हवा. चारला गाडी येते आणि माल एअरपोर्टला जातो.

मंगळवारी बाराचं रीडिंग ४.३ होतं. ते मी पाहिलं होतं. सव्वा वाजता गेटवरच्या वॉचमनने हाक मारली, घरून फोन. उमरोळीहून सासूबाई बोलत होत्या. "अंग नुसतं भाजतंय पोरीचं. डोळे वर करते गं मेघाली. मना भ्या वाटते."

तापात झटके येतात, डोळे वर जातात, हे मी वाचलेलं. जास्त वाचलेल्या आईचं काय होतं ते सांगायला नको. मी धावत मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. कमलाकांत सरांनी कागदावरून मान वर न करता ऐकलं.

"जा पोरी. पोर आधी," ते म्हणाले. मी वळले, तेव्हा म्हणाले, "रजिस्टर पूर्ण करून जा."

दोनचं रीडिंग यायला पाऊण तास होता, चारच्याला पावणेतीन. मी लिहिलं: ४.२. त्याखाली लिहिलं: ४.१. दोन्हीकडे एकच आकडा लिहिला नाही, खरं वाटावं म्हणून. हे हाताने आपोआप केलं आणि आता तेच जास्त टोचतं.

टोपी काढत होते तेव्हा भागी थंड खोलीच्या दारात उभी होती. "बाय, रोल गार नाय लागत. आतल्या पंख्याचा आवाज पन नाय येत."

"दार उघडं राहिलं असेल. नीट लाव," मी म्हणाले आणि पळाले.

छोटीचा ताप संध्याकाळी औषधाने उतरला. रात्री ती माझ्या कुशीत गाढ झोपली आणि मला पंख्याची आठवणसुद्धा झाली नाही. बुधवारी आले तर पंखा चालू होता. सकाळच्या शिफ्टने दुरुस्त करून घेतला असं कळलं. कधी बिघडला होता, हे मी विचारलं नाही.

सुट्टी संपायच्या आत निरोप आला, केबिनमध्ये बोलावलंय, रजिस्टर घेऊन ये.

कमलाकांत सरांसमोर दोघं बसली होती. एक विमान कंपनीचे चौकशी अधिकारी, हर्षित नावाचे, तिशीतले, लॅपटॉपवर भराभर टाइप करणारे. दुसरी ती, व्हिडिओतली. गणवेश नव्हता, साधा पंजाबी ड्रेस होता, पण केसांचा अंबाडा तसाच घट्ट. पाठ खुर्चीला न टेकता बसली होती. वैष्णवी, असं सरांनी सांगितलं. दोन दिवसांपासून तिला ड्युटीवरून उतरवलं होतं.

"रजिस्टर तुमचंच ना?" हर्षितनी विचारलं.

"हो."

त्यांनी मंगळवारचं पान काढलं. "बारा वाजता ४.३, दोनला ४.२, चारला ४.१. गाडीतलं तापमानही ठीक आहे. तुमच्याकडे ठेवलेलं सॅम्पल तपासलं, तेही चांगलं." सॅम्पल आम्ही बारालाच काढून वेगळ्या फ्रिजमध्ये ठेवतो. ते चांगलंच असणार होतं. विमानात उरलेले रोल नियमाप्रमाणे उतरल्यावर नष्ट केले होते. म्हणजे आता माझं पान सोडून कुठे काही उरलं नव्हतं.

"वैष्णवी मॅडम, परत एकदा सांगा."

"ट्रॉली उघडली की तोंडावर गारवा येतो सर. त्या दिवशी आला नाही. मी रोल हातात घेतला, कोमट होता. तोपर्यंत पुढच्या तीन ओळींना वाटून झालं होतं. म्हणून परत घ्यायला गेले."

"थर्मामीटर लावला?"

"नाही."

"म्हणजे हाताने ठरवलं." त्यांनी टाइप केलं. हाताने, हा शब्द टाइप व्हायला किती कमी वेळ लागतो.

"पण त्या बाळाच्या हातातून ओढायचं काय कारण होतं?" मी बोलून गेले. मला कुणी विचारलं नव्हतं. सरांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

ती माझ्याकडे वळली. "त्याच्या आईला दोनदा सांगितलं ताई. ती म्हणाली, भुकेला आहे, अर्धा खाऊ दे, मग न्या. मला तिचं पण पटत होतं. पण त्याने तोंड उघडलं होतं. म्हणून ओढला. आवाज चढला माझा, ते मी लिहून दिलंय. पण रोल गार नव्हता." मग जरा थांबून म्हणाली, "मी वाणगावची. बाबांची चिकूची वाडी आहे. फळ पिकायला आलंय की नाही ते आमच्याकडे हाताला कळतं. आता इथे सगळे म्हणतात, हाताला काय कळतं."

"साहेब," कमलाकांत सर हसून म्हणाले, "आमची मेघाली बीएस्सी हाय. यंत्राने बघून लिहिते. अंदाजपंचे काम नाय आमच्याकडे."

हर्षितनी पानाची झेरॉक्स माझ्यापुढे सरकवली. "आकडे स्वतः पाहून लिहिले, एवढं लिहून सही करा. मग मॅडमचा विषय संपेल."

"संपेल म्हणजे?"

"कारण नसताना सेवा थांबवली, प्रवाशाशी झटापट केली. पुढे कंपनी ठरवेल." ते लॅपटॉपकडे बघत म्हणाले, "असे व्हिडिओ आले की कंपनी काय ठरवते, तुम्हाला माहीतच असेल."

सरांनी खिशातून स्वतःचं पेन काढून मला दिलं. बाळंतपणानंतर माझ्या जागी दुसरी मुलगी घेता आली असती. त्यांनी घेतली नाही. मला दिवसपाळी दिली, परवा दुपारी घरी सोडलं. केबिनच्या काचेतून पॅकिंगचा हॉल दिसतो. भागी बेसिनवर हात धूत होती. वीसपर्यंत मोजून धुवायचे, मीच शिकवलेलं. ओठ हलत होते तिचे. या नोकरीमुळे तिचं दरवर्षी वीटभट्टीवर जाणं सुटलं. विमान कंपनीचं काम गेलं तर तिच्यासारख्या चाळीस जणी घरी.

आणि समोर ही, पाठ न टेकता बसलेली. तिला माहीत नव्हतं की खोलीत आणखी एक जण आहे जिला ती खरं बोलतेय हे माहीत आहे.

मला ते पोर दिसत होतं. उघडलेलं तोंड. माझी छोटी तसंच उघडते, चमचा येण्याआधी, डोळे मिटून. आत काय येणार हे न बघता.

मी झेरॉक्स बाजूला केली आणि मूळ रजिस्टर ओढलं. आमच्याकडे पांढरी शाई चालत नाही. खाडाखोड चालत नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. शेजारी कारण, सही, तारीख. नव्या मुलींना मी हे पहिल्या दिवशी शिकवते.

४.२ वर रेघ मारली. ४.१ वर रेघ मारली. शेजारी लिहिलं: पाहिले नाही. दुपारी १.२० ला लिहून निघून गेले.

"पोरी, इचार करून," सर हळू आवाजात म्हणाले. त्यांच्या बोलण्यातलं गाव एरवी साहेबांसमोर एवढं बाहेर येत नाही.

"केला सर."

मी थांबले. रजिस्टर पूर्ण करून जा, हे कोण म्हणालं ते सर सांगतील असं मला वाटलं. ते पेनाच्या टोपणाकडे बघत राहिले. मीही सांगितलं नाही. हात माझाच होता.

"आणि पॅकिंगच्या एका बाईने मला सांगितलं होतं, माल गार नाही. मी ऐकलं नाही," मी हर्षितना म्हणाले.

"तिने कशावरून सांगितलं?"

"हात लावून."

त्यांची बोटं की-बोर्डवर थांबली. वैष्णवीने पहिल्यांदा पाठ खुर्चीला टेकवली.

मग बरंच बोलणं झालं. पूर्ण युनिटची तपासणी होईल, तोवर माल बंद. पंखा कधी दुरुस्त केला त्याचे कागद द्या. मॅडमनी सेवा थांबवली त्याला कारण होतं, अशी नोंद होईल. "पण प्रवाशाशी वागणुकीची चौकशी वेगळी. ती चालेल," हर्षित म्हणाले. वैष्णवीने मान हलवली. तिला ते आधीच ठाऊक होतं.

"तू कार्ड ठेवून जा," सर मला म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं.

मी गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. फोटोत छोटी माझ्या पोटात आहे, पण ते फक्त मला दिसतं. काचेपलीकडे भागी पुन्हा धुतलेले हात टॉवेलने पुसत माझ्याकडे बघत होती. मी तिला काही खुणावू शकले नाही.

वैष्णवी माझ्याआधी उठून दारापाशी गेली होती. दार धरून उभी होती. टाचा जुळवलेल्या, मान किंचित झुकलेली. मी विमानात कधी बसले नाही, पण उतरणाऱ्या माणसांसाठी त्या अशा उभ्या राहतात हे जाहिरातीत पाहिलंय. जाहिरातीत त्या हसतात. ती हसली नाही.

"सावकाश, ताई," ती म्हणाली. "पायरी आहे."