तेहेतीसवर ऐकलेला तळघरातला कुत्रा

गेली एकतीस वर्षं मी फिनलंडमधल्या ताम्पेरे शहराच्या एका वर्तमानपत्रात दर ऑक्टोबरात ‘ऐकावेत असे दहा’ ही यादी लिहितो. हेवी मेटल आणि नॉइज रॉकचे नवे अल्बम. निवृत्त झालो तेव्हा टेबल गेलं, खुर्ची गेली, कॉफीचा कपसुद्धा त्यांनी परत मागून घेतला. यादी तेवढी माझ्याकडे राहिली, कारण ती घ्यायला कुणी पुढे आलं नाही. आता दोन्ही कानांत यंत्रं आहेत. त्यामुळे ऐकू कमी येतं, पण मतं जास्त ठाम झाली आहेत.

यंदा पहिला क्रमांक मी ‘केल्लारिकोइरा’ या तिघांच्या नव्या बँडला दिला. नावाचा अर्थ तळघरातला कुत्रा. मी लिहिलं, ‘इतकं संथ, इतकं जड संगीत या देशात दहा वर्षांत झालेलं नाही. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात माणसाचं लग्न होऊन घटस्फोटही होईल. आणि तो गायक! साठी उलटलेला, जन्मभर जंगलात लाकडं तोडलेला, बायको सोडून गेलेला पुरुषच असा गाऊ शकतो.’

शेवटच्या वाक्याला मी स्वतःच जरा हळवा झालो. बायकोला, तेल्लेर्वोला, वाचून दाखवलं.

“ती का सोडून गेली ते कळतंय,” ती म्हणाली.

दोन आठवड्यांनी दार वाजलं. बाहेर लोकरीच्या टोपीतली पंचविशीची मुलगी.

“मी साइमी. केल्लारिकोइरामधली.”

“ये, ये. गातात ते तुझे वडील का?”

“मीच गाते. लाकडं तोडत नाही, बालवाडीत शिकवते. नवरा अजून मिळाला नाही, त्यामुळे सोडून जायचा प्रश्न नाही.”

तिनं बूट काढले आणि मोज्यांवर थेट माझ्या रेकॉर्ड प्लेयरपाशी गेली. तबकडी अजून त्यावरच होती. लांब अल्बम मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांनी वाजतात. पण ज्यांना आवाज अधिक कडक हवा असतो, ते बँड पंचेचाळीसवर छापतात. साइमीनं एक बटण फिरवलं आणि सुई ठेवली.

गाणं सुरू झालं म्हणण्यापेक्षा सुटलं. साखळी तुटलेल्या कुत्र्यासारखं ते खोलीभर धावलं, आणि माझा तो लाकूडतोड्या एका बाईच्या आवाजात, अतिशय आनंदानं किंचाळत होता.

तेल्लेर्वोनं स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. “हे छान आहे. ते परवाचं कुठलं होतं रे?”

“तबकडीवर लिहिलंय,” साइमी म्हणाली. “पंचेचाळीस. एवढ्या मोठ्या अक्षरात.”

“मला वाटलं, ते काहीतरी कलात्मक असेल.”

तिनं सुई उचलून बाजूला ठेवली. मी शक्य तितक्या उदार आवाजात म्हणालो, “मी दुरुस्ती छापतो.”

“तेच नकोय ना!” ती एकदम खाली बसली. “वाल्केआकोस्की गावात संथ संगीताचा मेळा असतो. तुमचं वाचून त्यांनी बोलावलंय. चार वर्षं आम्ही गॅरेजमध्ये वाजवतोय, एकदा तरणतलावाच्या व्हरांड्यात. हा पहिला खरा कार्यक्रम. त्यांना अर्धा तास हवाय. आमची सगळी गाणी मिळून बावीस मिनिटं होतात. तुमच्या वेगानं बरोबर तीस.”

“मग अडलं कुठे?”

“तसं वाजवताच येत नाही. आणि आमची गाणी तशी ऐकलेला माणूस जगात एकच आहे.”

अशा रीतीनं मी माझ्याच चुकीचा शिक्षक झालो. तीन रविवार त्यांच्या गॅरेजमध्ये, जुन्या टायरांच्या ढिगाशेजारी उभं राहून, मी मान डोलावून वेग दाखवला. ड्रमवाली हिल्मा मध्येच कावून काठ्या खाली ठेवायची. “आजोबा, हे वाजवणं नाही, बसची वाट बघणं आहे.” बास गिटारवाली तोवर टायरांवर बसून घ्यायची. साइमी आवाज खाली नेऊन नेऊन खोकायची.

तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, “हे आवडलं ना लोकांना, तर जन्मभर असंच वाजवावं लागेल. आमचं राहूनच जाईल.”

कानातल्या यंत्राची बॅटरी संपली आहे असा चेहरा मी केला. हा चेहरा मला चांगला जमतो.

मेळा बंद पडलेल्या कागदगिरणीत होता, शनिवारी दुपारी दोनला. दोनशे माणसं, सगळी काळ्या कपड्यांत, हाताची घडी घालून, एकमेकांपासून शिस्तीत अंतर राखून उभी. पडद्यामागे साइमीनं माझी बाही धरली.

“इल्पो, तुम्ही समोर उभं राहून मान हलवा. मी तुमच्याकडेच बघेन.”

“तुला असं वाजवायचंय?”

“मला वाजवायचंय,” ती म्हणाली. “आता दुसरं काय करणार?”

आजच्या संगीतात धाडस उरलेलं नाही, असं मी एकतीस वर्षं लिहीत आलोय. लिहिणाऱ्याकडे ते असायला हवं असं कुणी म्हटलं नव्हतं. तरी मी माइकपाशी गेलो.

“मी इल्पो. ती यादी माझी. मी तबकडी चुकीच्या वेगावर ऐकली. या मुली संथ नाहीत. चूक माझी आहे. त्यांना त्यांच्या वेगानं वाजवू द्या.”

शांतता. आमच्याकडे शांततेवरून काही ठरवता येत नाही.

पुढे उभा असलेला करड्या दाढीचा माणूस म्हणाला, “ठाऊक आहे.” हा आर्मास, मेळा भरवणारा.

“काय ठाऊक आहे?”

“पंचेचाळीस. तबकडीवर लिहिलंय की.”

“मग बोलावलंत का?”

“दोन्ही वेगांवर चांगलं वाटलं. कुठल्या वेगानं वाजवतात ते बघायचं होतं.”

“आणि मला कुणी सांगितलं का नाही?”

आर्मासनं बराच विचार केला. “तुम्ही विचारलं नाहीत.”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं,” मागून कुणीतरी समजूत घातली. “शहाण्णव सालीसुद्धा आम्ही काही बोललो नव्हतो.”

“शहाण्णव साली काय झालं?”

दोनशे माणसं जमिनीकडे बघू लागली.

“अर्ध्या तासाचं काय?” साइमीनं पडद्यामागूनच विचारलं.

“बावीस मिनिटं पुरेत,” आर्मास म्हणाला. “उरलेल्या आठांत कॉफी घेऊ.”

हिल्मानं पहिला ठोका हाणला आणि कुत्रा सुटला. साइमी किंचाळली. हाताच्या घड्या सुटल्या, आणि दोनशे दाढ्या एका लयीत वर-खाली व्हायला लागल्या. मी कडेला सवयीनं तेहेतीसच्याच वेगानं मान हलवत होतो. अधूनमधून जमून जात होतं.

घरी येऊन मी कपाटातून शहाण्णव सालचा माझा पहिला क्रमांक काढला आणि चष्मा लावून तबकडीचा मधला कागद वाचला. एवढ्या मोठ्या अक्षरात.

तेल्लेर्वोनं बटणावर बोट ठेवलं. “लावून बघू या?”

“राहू दे,” मी म्हणालो. “तो मला फार आवडतो.”