नायिकेची मुलाखत

तिने मटाराची शेंग अंगठ्याने फोडली, दाणे पातेल्यात सोडले आणि पहिला प्रश्न टाकला.

"राग आला की काय करते ही बाई?"

"घासलेली भांडी पुन्हा घासते," कादंबरीकार म्हणाला.

तिचा हात थांबला. उत्तर झकास होतं, पण फार लवकर आलं होतं.

नव्या कादंबरीचा आराखडा करताना जेवणाच्या टेबलाशी पात्रांची मुलाखत घ्यायची, ही या घरातली लग्नापासूनची पद्धत. प्रश्न बायकोने विचारायचे, उत्तरं नवऱ्याने पात्राच्या वतीने द्यायची. पुरुषांची उत्तरं तो बरी द्यायचा. बाई आली की गाडी अडायची. मग तो छताकडे बघायचा आणि शेवटी हात टेकायचा. तिथून पुढे ती सांगायची. फिजिओथेरपिस्ट होती ती. लोकांचे आखडलेले खांदे आणि त्यामागची रडगाणी दिवसभर तिच्या हाताखालून जायची. नवऱ्याच्या आजवरच्या सगळ्या नायिकांना तिनेच चालायला शिकवलं होतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं ती त्याला चिडवायची, आणि तोही मोकळेपणाने हसायचा. परीक्षणांत त्याच्या स्त्रीपात्रांचं कौतुक छापून आलं की दोघं एकमेकांकडे बघून डोळे मिचकावायचे.

आज मात्र पोहरा काठोकाठ भरून वर येत होता.

"हसते कशी?"

"आधी तोंडावर हात जातो. मग तो मुद्दाम काढून टाकते. लहानपणी कुणीतरी दातांवरून चिडवलं होतं."

"छान आहे," ती म्हणाली. खरंच छान होतं. असलं काही त्याला कधी सुचलंच नव्हतं.

"बाहेर निघताना?"

"कुलूप ओढून बघते. जिना उतरते, आणि पुन्हा वर जाते, ओढून बघायला. आपण आपले खाली ताटकळत..." तो थांबला. "म्हणजे नायक. नायक खाली ताटकळत उभा."

इथेच थांबावं, असं तिला वाटलं. विचारलं नाही तर कळणार नाही, आणि कळलं नाही तर संध्याकाळ नेहमीसारखी निघून जाईल. पण दवाखान्यात नव्या पेशंटला विचारायचा प्रश्न तिच्या तोंडून सवयीने निघून गेला.

"झोपते कोणत्या कुशीवर?"

"डाव्या. उशी डोक्याखाली घेतच नाही, पोटाशी धरते."

या वेळी त्याने नायकाला मध्ये आणलं नाही. चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसला.

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते तिला आता कळलं. दुसरी कुणी आहे, हे तर होतंच. पण तिला त्याने या टेबलाशी आणून बसवलं होतं, आणि तिच्यावरचा शेवटचा हात बायकोकडून फिरवून घ्यायला निघाला होता. आणि आपण, खुळ्यासारखं, छान आहे म्हणालो.

"अगं, पात्र आहे ते," तो म्हणाला. "खरं वाटावं म्हणून आपण..."

"वाटतंय की खरं."

तिने आणखी एक शेंग सोलली. दाणे कोवळे होते, एक टेबलावरून घरंगळत खाली गेला. कुणीच वाकलं नाही.

"नायकाला बायको आहे?"

"आहे."

"ती कोणत्या कुशीवर झोपते?"

"उजव्या," तो म्हणाला. मग, "नाही, थांब. ती बहुतेक..."

ती थांबली. मनापासून थांबली. एवढं एक बरोबर आलं असतं, तरी तिने पुढचं सगळं ऐकून घेतलं असतं. रडली असती, भांडली असती, पण इथेच बसून ऐकलं असतं.

त्याने झोपायच्या खोलीकडे नजर टाकली, जणू दार उघडं असतं तर बघून सांगितलं असतं. मग तिच्याकडे बघितलं. नेहमीसारखं, उत्तरासाठी.

तिने टरफलं गोळा केली आणि उरलेल्या शेंगा त्याच्यापुढे सरकवल्या.

"आजपासून एकटी झोपते," ती म्हणाली. "लिहून घे."